बँकॉकला जाताय? घरातून निघण्यापूर्वी करायची तयारी



मुंबईहून विमानात बसलं की साधारण साडेचार तासांत बँकॉक येतं. सुट्टी लागली की कुणी मित्रांबरोबर, कुणी लग्नानंतर, कुणी आईबाबांना घेऊन तिकडे निघतं. ट्रॅव्हल कंपन्यांच्या जाहिराती रोज दिसतात. त्यामुळे "बँकॉक म्हणजे काय, गोव्याला जाऊन आल्यासारखंच" असं अनेकांना वाटतं. पण गोवा आपल्या देशात आहे आणि बँकॉक परदेशात आहे, हा फरक लहान नाही. तिथला कायदा वेगळा, भाषा वेगळी, आणि अडचण आली तर धावत येणारे मामा-काका तिथे नसतात.

म्हणून आजच्या लेखात आपण बँकॉकच्या प्रवासाची तयारी टप्प्याटप्प्याने समजून घेऊ. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा : परदेशातल्या बहुतेक मोठ्या संकटांची सुरुवात तिथे नाही, तर इथेच, आपल्या घरी होते. न वाचलेला कागद, नीट न तपासलेला माणूस आणि दुसऱ्याची हातात घेतलेली बॅग, ही तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

थोडी शहराची ओळख

बँकॉक ही थायलंडची राजधानी. राजा राम पहिला याने १७८२ मध्ये चाओ फ्राया नदीच्या काठी ही राजधानी वसवली. थाई लोक मात्र आपल्या शहराला बँकॉक म्हणत नाहीत, ते म्हणतात 'क्रुंग थेप'. यातला 'थेप' म्हणजे आपला 'देव'. देवांचं नगर! विमान जिथे उतरतं त्या विमानतळाचं नाव 'सुवर्णभूमी'. इंग्रजी पाटीवर ते वाचता येतं, पण थाई उच्चार 'सुवन्नफूम' असा होतो. नमस्काराचा 'सवात्दी' हा शब्द आपल्या 'स्वस्ति'वरून आलेला आहे. हात जोडून नमस्कार करायची पद्धतही आहे, तिला 'वाय' म्हणतात.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. चलन बाहत. आणि कॅलेंडर? तिथे बुद्धवर्ष वापरतात, ते इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे असतं. इसवी सन २०२५ म्हणजे तिथे २५६८. औषधाच्या किंवा दुधाच्या पाकिटावर असा आकडा दिसला तर गोंधळू नका, त्यातून ५४३ वजा करा.

टप्पा पहिला : तिकीट काढण्यापूर्वी

१) पासपोर्ट उघडून तारीख बघा. प्रवासाच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने तो वैध असायला हवा. "आहे की अजून तीन महिने" असं म्हणून चालत नाही, विमानतळावरूनच परत यावं लागू शकतं.

२) व्हिसाचा नियम ताजा बघा. १५ जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सोय दिली. पण असे नियम सरकारं बदलत असतात. म्हणून शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी काय केलं यावर विसंबू नका. थायलंडचा दूतावास नवी दिल्लीत आहे आणि वाणिज्य दूतावास मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी नियम वाचा.

३) ही सवलत फिरण्यासाठी आहे, नोकरीसाठी नाही. हे वाक्य घरातल्या तरुण मुलांना दोनदा वाचून दाखवा. का, ते पुढे सांगतो.

४) प्रवास विमा घ्या. तिथली खाजगी रुग्णालयं चांगली आहेत, पण महागही आहेत, आणि दाखल करून घेण्यापूर्वी पैशांची हमी मागतात. विमा घेताना स्वस्त कोणता एवढंच बघू नका. कशाचे पैसे मिळत नाहीत, ते पान आधी वाचा. विना-परवाना दुचाकी चालवताना किंवा दारू पिऊन झालेला अपघात, जुने आजार, पाण्यातले धाडसी खेळ यांना बहुतेक वेळा विमा लागू होत नाही.

टप्पा दुसरा : नोकरीचं आमिष ओळखा

हा भाग फिरायला जाणाऱ्यांनी वगळू नये, कारण घरात, गल्लीत, गावात कुणीतरी नोकरी शोधणारं असतंच.

"थायलंडमध्ये नोकरी, संगणकावर काम, पगार भरपूर, जेवण-राहणं मोफत, तिकीट कंपनी काढणार, व्हिसाची गरज नाही." असा संदेश मोबाईलवर येतो. मुलाखत फोनवरच पंधरा मिनिटांत आटोपते. मुलगा बँकॉकला उतरतो. त्याला घ्यायला गाडी येते, पण ती शहरात जात नाही. ती सात-आठ तास चालून पश्चिमेकडे माए सोत या सीमेवरच्या गावी जाते. तिथून नदी ओलांडली की म्यानमारमधलं म्यावड्डी. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि बंद आवारात बसवून लोकांना ऑनलाइन फसवण्याचं काम करायला लावतात. नाही म्हटलं तर मारहाण, आणि सुटायचं तर पैसे भरा.

ही सिनेमाची गोष्ट नाही. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मार्च २०२५ मध्ये अशा केंद्रांतून सुटलेल्या ५०० हून अधिक भारतीयांना वायुसेनेच्या विमानांनी माए सोतहून परत आणावं लागलं. अशा सुटका झालेल्यांत महाराष्ट्रातले तरुणही आहेत.

मग ओळखायचं कसं? तीन प्रश्न विचारा.

- पर्यटक म्हणून ये, नोकरीचे कागद तिकडे करू, असं सांगतात का? मग ते खोटं आहे. खरी कंपनी आधी कामाचा व्हिसा काढून देते.
- नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावरच्या यादीत आहे का? तिथे नोंदणी झालेल्या एजंटांची नावं बघता येतात.
- कामाच्या जागेचा पूर्ण पत्ता देतात का? "बँकॉकला आलास की कळेल" हे उत्तर म्हणजे धोक्याची घंटा.

शंका आली तर मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत. सीमेपलीकडून सोडवून आणायला मात्र सरकारं कामाला लागतात.

टप्पा तिसरा : निघण्याच्या आधीचा आठवडा

*आगमनाचं डिजिटल कार्ड.* १ मे २०२५ पासून थायलंडमध्ये येणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला 'थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरावं लागतं. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि ते पूर्णपणे मोफत आहे. इथे पहिली फसवणूक होते बरं का. हुबेहूब सरकारी दिसणारी संकेतस्थळं फॉर्म भरायचे पैसे घेतात आणि तुमच्या पासपोर्टची माहितीही घेतात. थाई सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गो डॉट टीएच' असा असतो, एवढं बघा.

*कागदांच्या प्रती.* पासपोर्ट, परतीचं तिकीट, हॉटेलची नोंदणी आणि विम्याचा कागद यांच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच बॅगेत, एक घरी आईजवळ किंवा भावाजवळ. फोटो मोबाईलमध्ये आणि ईमेलवरही ठेवा. मोबाईलच हरवला तर काय, याचा विचार आत्ता करायचा असतो.

*कार्ड आणि ओटीपी.* आपल्या बँकेचं कार्ड परदेशात चालण्यासाठी बँकेच्या अॅपमध्ये ती सोय आधी सुरू करावी लागते आणि मर्यादाही ठरवता येते. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून भारतीय सिमवर रोमिंग सुरू आहे ना ते तपासा. तिथे इंटरनेटसाठी स्थानिक सिम घेता येतं, त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. भारतीय सिम काढून टाकलं आणि हरवलं, तर पैसे खात्यात असूनही हाती काही नाही. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढले की दर वेळी २०० बाहतहून जास्त शुल्क जातं. म्हणून थोडे बाहत इथूनच घेऊन जा. सगळे पैसे एकाच पाकिटात मात्र ठेवू नका.

*औषधं.* रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, कारण ब्रँडचं नाव तिकडे कुणाला कळत नाही. झोपेच्या गोळ्या, चिंता कमी करणाऱ्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामकं यांपैकी काही औषधांवर थायलंडमध्ये निर्बंध आहेत. त्यांतल्या काहींना आधी परवानगी लागते आणि ती ठरावीक प्रमाणातच नेता येतात. घरातलं कुणी अशी औषधं घेत असेल तर थाई औषध प्रशासनाचे नियम आधी बघून घ्या.

*सामान.* पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. आपली दोन पिनांची गोल प्लग तिथे बहुतेक ठिकाणी बसते, पण जाड तीन पिनांची बसत नाही. साधा अॅडॅप्टर घ्या. आणि ई-सिगारेट अजिबात नेऊ नका. थायलंडमध्ये ती आणणं गुन्हा आहे, दंड होतो आणि तुरुंगही होऊ शकतो. आपल्याकडेही २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे.

टप्पा चौथा : उतरल्यावरचे पहिले दोन तास

माणूस सर्वांत जास्त फसतो तो थकलेला असताना. म्हणून विमानतळावरून हॉटेलपर्यंत कसं जायचं, हे घरीच ठरवा.

सुवर्णभूमी विमानतळ शहराच्या पूर्वेला साधारण ३० किलोमीटरवर आहे. विमानतळाच्या तळमजल्याखालून 'एअरपोर्ट रेल लिंक' ही गाडी सुटते आणि अर्ध्या तासात फया थाई स्टेशनला पोहोचवते. भाडं ४५ बाहत. तिथून बीटीएस ही उड्डाणपुलावरची मेट्रो मिळते. टॅक्सी हवी असेल तर अधिकृत रांगेत उभं राहा, यंत्रातून निघालेली चिठ्ठी जपून ठेवा (तिच्यावर गाडीची माहिती असते) आणि मीटर लावायला सांगा. मीटरच्या वर विमानतळाचे ५० बाहत आणि महामार्गाचा टोल द्यावा लागतो, ती फसवणूक नाही. आत दालनात येऊन "सर, टॅक्सी?" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

आणखी एक. काही स्वस्त विमानं डॉन म्युआंग या दुसऱ्या विमानतळावर उतरतात. येताना आणि जाताना विमानतळ वेगवेगळे असू शकतात. तिकिटावर नाव वाचा, नाहीतर परतीच्या दिवशी चुकीच्या टोकाला पोहोचाल.

हॉटेलचं नाव आणि पत्ता थाई लिपीत लिहून घ्या. अनेक टॅक्सीवाल्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

टप्पा पाचवा : शहरात वावरताना

*"आज राजवाडा बंद आहे."* ग्रँड पॅलेसच्या बाहेर चांगल्या कपड्यातला, गोड बोलणारा माणूस हे सांगतो. मग तो स्वस्त टुकटुक करून देतो, आणि टुकटुक थांबते रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात. राजवाडा बंद आहे की नाही, हे फक्त तिकीट खिडकीवरच विचारा. आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री असो वा पुरुष.

*राजा आणि बुद्ध.* थायलंडच्या दंडसंहितेचं कलम ११२ राजघराण्याच्या अवमानाबद्दल आहे. प्रत्येक गुन्ह्याला ३ ते १५ वर्षं शिक्षा. तिथे असताना राजाबद्दल गंमत करणारी पोस्टही टाकू नका. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं. सगळे थांबतात, आपणही थांबायचं. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नका, मूर्तीवर चढून फोटो तर मुळीच काढू नका. लहान मुलाच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवायची आपली सवय तिथे आवरा, डोकं पवित्र मानतात.

*रस्ता.* तिथेही वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे ओळखीचं वाटतं आणि तिथेच गाफील राहतो. दुचाकी फुटपाथवरही येतात. भगव्या रंगाचं जाकीट घातलेले दुचाकी-टॅक्सीवाले गल्लोगल्ली असतात. बसायचं तर हेल्मेट मागून घ्या. स्वतः गाडी चालवायची तर इथल्या आरटीओकडून 'इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट' काढा. आणि भाड्याच्या गाडीसाठी पासपोर्ट गहाण ठेवू नका, प्रत द्या. पासपोर्ट त्यांच्याकडे गेला की ओरखड्याचे पैसे तेच ठरवतात.

*ऊन, पाऊस आणि डास.* एप्रिलमध्ये उकाडा कडक असतो. मे ते ऑक्टोबर पाऊस. मुंबईसारखंच पाणी साचतं. साचलेल्या पाण्यातून विजेच्या खांबाजवळून चालू नका. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून मलम सकाळीही लावा. भटक्या कुत्र्याने किंवा माकडाने चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. बँकॉकमध्ये थाई रेडक्रॉसची क्वीन साओवभा इन्स्टिट्यूट या कामासाठी प्रसिद्ध आहे. "परत गेल्यावर बघू" असं रेबीजच्या बाबतीत कधीच करायचं नसतं.

*शाकाहारींसाठी.* "व्हेज" म्हटलं की भाजी येते, पण तिच्यात माशाचा रस असतो. त्याला 'नाम प्ला' म्हणतात. 'जे' हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या फलकावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. तिथे मांस, मासे, अंडी काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असेल तर ते थाईत लिहून ठेवा, कारण कुटून घातलेले शेंगदाणे अनेक पदार्थांत असतात.

टप्पा सहावा : अडचण आलीच तर

हे नंबर मोबाईलमध्ये नाही, कागदावर लिहा :

- पर्यटक पोलीस : ११५५ (इंग्रजी बोलणारे भेटतात)
- पोलीस : १९१
- रुग्णवाहिका : १६६९

चौथा नंबर भारतीय दूतावासाचा. बँकॉकमध्ये तो सुखुमवित भागात सोई २३ वर आहे. दूतावासाच्या संकेतस्थळावरून आपत्कालीन क्रमांक निघण्याच्या दिवशी उतरवून घ्या, म्हणजे तो ताजा असेल.

पासपोर्ट हरवला तर क्रम असा : आधी पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग दूतावासात जाऊन इमर्जन्सी सर्टिफिकेट, मग थाई इमिग्रेशनची पूर्तता. घरी ठेवलेली प्रत इथे कामाला येते.

२८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये भूकंप झाला आणि इतक्या दूर बँकॉकमध्येही इमारती हलल्या, बांधकाम चालू असलेली एक उंच इमारत कोसळली. त्याच वर्षी जुलैत थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली आणि सीमेजवळच्या प्रांतांत जाऊ नका अशी सूचना आपल्या दूतावासाने दिली. अशा वेळी घरच्यांना एकच गोष्ट हवी असते : तुम्ही कुठे आहात? म्हणून रोजचा कार्यक्रम घरी देऊन जा आणि रोज एका ठरलेल्या वेळी "ठीक आहे" एवढा तरी संदेश पाठवा.

टप्पा सातवा : परतताना

शेवटचा टप्पा, पण सर्वांत जास्त जपायचा. तिथे ओळख झालेला एखादा दादा म्हणतो, "अरे, एवढी एक बॅग मुंबईला नेशील का? विमानतळावर माझा माणूस येईल. तुझं तिकीटही मीच काढतो." बॅगेत खाऊची पाकिटं दिसतात. पाकिटांत असतो हायड्रोपोनिक गांजा.

थायलंडने २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला, मग जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. तिथलं काहीही असो, भारतात तो आणणं एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे आणि प्रमाण मोठं असेल तर शिक्षा २० वर्षांपर्यंत जाते. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे असा गांजा सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. पकडला जातो तो बॅग आणणारा, देणारा नाही. "मला माहीत नव्हतं" हे कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात.

म्हणून आपली बॅग आपणच भरायची, आपणच कुलूप लावायचं, आणि दुसऱ्याची वस्तू, अगदी एक चॉकलेटचा डबा असला तरी, घ्यायची नाही. नाही म्हणताना लाज वाटत असेल तर सरळ सांगा, "दादा, घरून सक्त ताकीद आहे."

निघण्यापूर्वी स्वतःला विचारा

१. पासपोर्टची तारीख आणि व्हिसाचा आजचा नियम मी स्वतः वाचला का?
२. आगमनाचं कार्ड सरकारी संकेतस्थळावर, मोफत भरलं का?
३. विमा काय देत नाही, हे मला माहीत आहे का?
४. प्रतींचा एक संच घरी दिला का?
५. भारतीय सिमवर ओटीपी येईल का?
६. हॉटेलचा पत्ता थाईत आणि चार आपत्कालीन नंबर कागदावर आहेत का?
७. माझ्या बॅगेत फक्त माझंच सामान आहे ना?

सातही उत्तरं 'हो' आली की बिनधास्त निघा. बँकॉक सुंदर आहे, माणसं हसतमुख आहेत, नदीवरची संध्याकाळ बघण्यासारखी असते. तयारी पक्की असली की ती संध्याकाळ निवांत बघता येते. शुभ प्रवास!